शंभरातल्या एकतीस

कारागृह, बराक पाच
१७ मे २०२५

यामिनी,

वर "प्रिय" लिहून खोडलंय. खोडलेलं दिसतंय तुला, दिसू दे. इथून जाणारं प्रत्येक पत्र आधी साहेब उघडून वाचतात. त्यांना कशाला फुकटची करमणूक.

व्हिडिओ तू बघितला असशीलच, अख्ख्या भिवंडीने बघितलाय म्हणतात. पण व्हिडिओला सुरुवात नाही, म्हणून सुरुवात मी लिहितो.

गुरुवारी ८ तारखेला सकाळी मैनाच्या पायाची पट्टी सोडली. अंगठ्याशेजारची दोन बोटं काळी पडलेली. वास असा की आई तोंडाला पदर लावून मागच्या दारी पळाली. मैना म्हणाली, "दादा, दुखत नाय आता." नऊ वर्षांची माझी बहीण, पायाची बोटं काळी पडलीत आणि ती मला सांगतेय दुखत नाय. पाच दिवस आधी कामतघरच्या त्या डॉ. केदार टिपणीसने त्याच पायावर ब्लेड मारलं होतं. लिंबाएवढा फोड होता, त्याने चिरला, पू काढला, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. मग पाय काळा कशाने झाला, सांग ना.

टेमघरहून कामतघरपर्यंत चालत गेलो. रिक्षा केली असती तर कदाचित वाटेत डोकं थंड झालं असतं, म्हणून नाही केली. तो एका म्हातारीचा घसा बघत होता. मी कॉलर धरली. "आधी ऐकून घे," म्हणाला. मी ऐकलं नाही. पहिल्या फटक्यात चष्मा उडाला. दुसऱ्या फटक्यात ओठ फाटला, रक्त माझ्या शर्टावर आलं. मग मी ते स्टीलचं स्टूल उचललं. डोकं वाचवायला त्याने उजवा हात वर केला आणि हातच सापडला. आवाज आला. म्हातारी ओरडायला लागली. तो खाली बसला तेव्हा त्याच हाताच्या बोटांवर मी बूट ठेवून दाबला. रागाच्या भरात नाही, मुद्दाम. ज्या बोटांनी ब्लेड धरलं तीच बोटं.

मला पस्तावा नाही. घरी न्यायला आलेल्या पोलिसांना पण हेच सांगितलं. वकील कपाळावर हात मारून बसलाय.

आता तुझ्याकडचं काम. मैनाचं रक्त तुझ्याकडे आहे. जानेवारीत ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला तपासणीला आणलं होतं, आणि शुगरवाल्या पोरांच्या पांढऱ्या पेशींवरच्या तुमच्या लॅबच्या त्या अभ्यासाला तू दोन नळ्या रक्त घेतलंस. मैना घाबरली म्हणून मी पण हात पुढे केला, आठवतंय? माझ्या पेशी बघून तू म्हणालीस, "ह्या तर भलत्याच भांडखोर." दोन वर्षांनी तुझं हसणं ऐकलं. पांढऱ्या कोटात तू अशी दिसत होतीस की मी मैनाचा केसपेपर खिडकीतच विसरून आलो.

८ तारखेला तिला तिथेच दाखल केलं. परत रक्त घेतलं असणार तुम्ही. तू एवढंच लिहून दे की तिच्या रक्तात जे विष भिनलं ते त्या ब्लेडने. वकील म्हणतो असा कागद मिळाला तर जामीन होईल आणि उलट डॉक्टरवर केस टाकता येईल.

मी तुझ्याकडे आजपर्यंत काही मागितलं नाही. जे मागायचं होतं ते मागायच्या आधीच कॉलेज सुटलं.

तुझा (हे खोडत नाही)
मनोज भोईर


ठाणे
२६ मे २०२५

मनोज,

तुझं पत्र आधी फाडणार होते. स्टुलाचं आणि बुटाचं वर्णन तू मला कशासाठी लिहिलंस? मी खूश होईन म्हणून? सेकंड इयरला माझ्याबद्दल कोणी काहीतरी बोललं म्हणून तू त्याचे दोन दात पाडलेस आणि कॉलेजला रामराम केलास. मी तुला सांगितलं नव्हतं. त्यानंतर वर्षभर मुली माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ती बघ, दातवाली." हे तुला आज पहिल्यांदा सांगतेय.

कागद मी देणार नाही, कारण तो खोटा असेल. पण मैनाच्या रक्तात काय दिसलं ते सांगते. तू सायन्स अर्धं सोडलंस, तरी समजेल.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी आम्ही वेगळ्या काढतो. त्यात यीस्ट मिसळतो, पावात घालतात ना, साधारण त्याच जातीचं. अर्धा तास शरीराइतक्या उबेत ठेवतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पेशी मोजायच्या आणि त्यातल्या किती पेशींच्या पोटात यीस्ट गेलंय ते बघायचं. जानेवारीत मैनाच्या शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर पेशींनी गिळलं होतं. निरोगी मुलाच्या जवळपास. तेव्हा तिची साखर ताब्यात होती, मी तुला शाबासकी दिली होती.

१० मेच्या नमुन्यात एकतीस.

चुकलं असेल म्हणून तीन वेळा मोजलं. पेशी कमी नाहीत, उलट दुप्पट झाल्यात. शरीराने फौज पाठवलीय. पण ती फौज जागची हलत नाही. जखमेपर्यंत पोचायला उशीर करते, पोचली तर गिळत नाही, गिळलं तर आतल्या आत मारत नाही. यीस्टचा दाणा पेशीला अगदी चिकटून बसलेला आणि पेशी ढिम्म. मला बघवेना. बरेच दिवस रक्तात साखर चढलेली राहिली की पेशी अशा होतात, आणि मग साधा ओरखडाही हाडापर्यंत सडत जातो. ब्लेडने हे होत नाही.

११ मेला तिची ती दोन बोटं काढली. पाऊल अजून आहे. हाडात जंतू शिरलेत, म्हणून सर्जन दर तीन दिवसांनी घोटा चाचपून बघतात. पाऊल राहणार की जाणार हे आता त्या पेशींवर आहे.

तेव्हा मला हे लिहून पाठव: एप्रिलपासून तिला इंजेक्शन कोण देत होतं, किती वाजता, किती, आणि बाटल्या कुठे ठेवल्या होत्या. सगळं. एकही गोष्ट किरकोळ समजू नकोस.

यामिनी


कारागृह, बराक पाच
२ जून २०२५

यामिनी,

बोटं काढली हे घरच्यांनी मला सांगितलंच नव्हतं. आई मुलाखतीला येते, जाळीपलीकडून फोनवर म्हणते, "बरी हाय पोर." तुझ्या पत्रातून कळलं. पत्र वाचलं तेव्हा जेवणाची लाइन लागली होती. पुढचा माणूस नुसता म्हणाला, "सरक ना भाई." त्याला मी वरणाच्या पातेल्यावर ढकलला. दोन दिवस वेगळ्या खोलीत होतो, म्हणून उत्तराला उशीर.

आणि तू पण तेच विचारलंस जे त्या टिपणीसने विचारलं होतं! ३ मेला, मैनाच्या पायावर पट्टी बांधता बांधता, वर न बघता: "इंजेक्शन नीट देता ना घरी?" अख्ख्या दवाखान्यासमोर. तेव्हाच एक ठेवून द्यायला पाहिजे होती.

तर ऐक. इंजेक्शन मी देतो. दोन वर्षं मीच. आईचा हात थरथरतो, बाबा सुई बघून बाहेर जातात. सकाळी साडेसात, संध्याकाळी सात. काल्हेरच्या गोडाऊनला माझी स्कॅनिंगची ड्युटी, पण संध्याकाळची शिफ्ट मी कधी घेतली नाही, वर्षभर सुपरवायझरशी भांडत आलो. एक वेळ चुकलेली नाही. मैना डोळे मिटून म्हणते, "दादा, गोष्ट." मी गोष्ट सुरू करतो आणि राजा घोड्यावर बसायच्या आत सुई बाहेर.

बाटल्यांचं विचारलंस. त्यात तर मी जे केलं ते डॉक्टरला पण सुचलं नसतं. १९ एप्रिलला माझा चुलतभाऊ प्रितम, त्याची हळद होती. आमच्याकडची हळद तू बघितली नाहीस. लग्न साधं चालेल, पण हळदीला अख्खं गाव जेवतं. घरचा फ्रिज मटणाने भरलेला, दार मिनिटाला चार वेळा उघडणार, डीजेमुळे लाइट जाते येते. बाहेर चाळीसला ऊन. महिन्याभराच्या दोन नव्या बाटल्या त्यात ठेवू? मी महादूकाकाची मासळीची पेटी आणली. तळाला बर्फ, मधे पिशवीत बांधून बाटल्या, वर बर्फ, आणि त्यावर खडेमीठ. मिठागरं आपली गेली तरी घरात पोतं असतंच. मीठ टाकलं की बर्फ शून्याच्या खाली उतरतो, एवढं तर तुमच्या कॉलेजात शिकलो होतो! तीन दिवस पेटीला कोणाला हात लावू दिला नाही. तोवरची इंजेक्शनं माठाशेजारच्या जुन्या बाटलीतून दिली. लग्न उरकल्यावर नव्या काढल्या तेव्हा दगडासारख्या थंड. उन्हाचा एक कण लागला नव्हता त्यांना.

हळदीत मैना अनवाणी नाचली. पायात बांगडीची काच गेली. चिमट्याने मीच काढली, हळद लावली. पुढे मशीनवर साखर साडेचारशे, पाचशे दिसायला लागली. म्हटलं लग्नाची जिलबी, वर स्ट्रिपा जुन्या. डोस वाढवला मी. अजून काय करायचं असतं माणसाने?

आता सांग, ह्यात माझं काय चुकलं? काही नाही. मग उरलं कोण? तो.

लवकर लिही. तुझं पत्र शर्टाच्या आत ठेवतो. घामाने शाई पसरलीय, "मनोज" एवढंच नीट राहिलंय.

मनोज


कारागृह
२४ जून २०२५

यामिनी,

हे पत्र टपालाने येणार नाही. बराकीतला अनंता आज सुटतोय, तो तुझ्या हॉस्पिटलच्या गेटवर आणून देईल. त्यामुळे ह्यात मोकळं लिहितो.

तीन आठवडे झाले. उत्तर नाही. रोज नावं पुकारतात, मी उभा राहतो, परत बसतो. पोरं हसतात. काल एक जण म्हणाला, "तेरी डॉक्टरनी किसी डॉक्टर के साथ गई." त्याचं नाक मी दोन ठिकाणी मोडलं. त्याच्या दोघा मित्रांनी मग मला नळाच्या कट्ट्यावर आडवा केला. भुवईला सहा टाके आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही. नाही, म्हणूनच सांगतोय.

मला कळलंय तू गप्प का. टिपणीस तुमच्यातला. तुझे अण्णा ज्या शाळेत मास्तर होते त्याच शाळेतला असेल. एकमेकांच्या घरी चहा असेल. आम्ही टेमघरचे, आमच्या पोरीचा पाय गेला काय आणि राहिला काय. बरोबर ना?

४ जुलैला जामिनाची तारीख आहे. मोठा वकील केलाय, ह्या वेळी होणार. प्रितम गाडी घेऊन दाराशी थांबणार. घरी नाही जायचं, आधी कामतघर. प्रितमच्या पोरांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या, बोर्ड गटारात टाकला, तरी तो हाताला प्लास्टर घालून खुर्चीत बसतो म्हणे, पेशंट बघतो डाव्या हाताने लिहून. डावा हात राहिलाय ना. तोही आणि त्यानंतर जे राहील तेही. मग परत इथेच आलो तरी चालेल. मैनाच्या बोटांचा हिशेब माझ्याशिवाय कोण घेणार?

तुझं लग्न ठरलं असेल तर तेवढं कळव. दुसरं काही नको.

म.


ठाणे
२७ जून २०२५

मनोज,

हे पत्र तुझ्या आईच, पुतळाकाकू, मुलाखतीच्या वेळी आत देतील. त्यांना वाचता येत नाही, पण ह्यात काय आहे ते त्यांना माहीत आहे.

लग्न ठरलेलं नाही. टिपणीस आमचे कोणी नाहीत. मी गप्प होते, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या २ जूनच्या पत्रात होतं आणि ते तू स्वतः, छाती फुगवून लिहिलं होतंस.

८ जूनला, रविवारी, मी टेमघरला तुमच्या घरी गेले. काकूंनी फ्रिजमधून पेटीतल्या त्या दोनांपैकी उरलेली बाटली काढून दिली. मी ती खिडकीशी धरली. आत पिठूळ गुठळ्या होत्या, काचेला रवा चिकटावा तशा. बाटली हातात फिरवली तरी विरघळेनात. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मना समजलं गो. वार्डातल्या बाईनं बी बाटली बघून हेच सांगितलं. त्याला नको सांगूस. त्यो ऐकल त जीव देल, न्हाय त कुनाचा घेल." मी त्यांना शब्द दिला. तो तुझ्या डाव्या हाताच्या वाक्याने मोडला.

इन्सुलिन थंड ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. एकदा गोठलं की ते मरतं, आणि वितळल्यावर अर्धंमुर्धं कधी काम करतं, कधी नाही. मिठाने तू बर्फ शून्याच्या खाली नेलास, बाटल्या त्यात तीन दिवस. त्यानंतर तू मैनाला रोज दोन वेळा, एकही वेळ न चुकवता, जवळजवळ पाणी टोचलंस. डोस वाढवलास तो पाण्याचा. सोळा-सतरा दिवस साखर चढत गेली, पेशी सुस्त होत गेल्या, आणि बांगडीच्या काचेच्या भोकातून जे आत शिरलं त्याला कोणी अडवलं नाही.

आणखी एक. काकूंना तुझ्या धुवायच्या पँटच्या खिशात ३ मेची चिठ्ठी सापडली. डॉक्टर टिपणीसांच्या अक्षरात: साखर ५४०, आजच ठाण्याला दाखल करा, थांबू नका. तू ती घेतलीस, घडी घातलीस आणि घरी आलास. कारण त्यांनी सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारला होता आणि तुला राग आला होता. पाच दिवस.

हे मी तुला शिक्षा म्हणून लिहीत नाही. तू मैनावर जेवढं प्रेम करतोस तेवढं कोणी कोणावर केलेलं मी पाहिलेलं नाही. पण ४ तारखेला तू ज्यांच्याकडे निघाला आहेस, त्यांच्या तू मोडलेल्याच हाताने तिला वाचवायला लिहून दिलं होतं.

यामिनी


कारागृह
३० जून २०२५

खोटं.

खोटं लिहितेस तू. त्याने तुला सांगितलं असं लिही म्हणून. चिठ्ठी त्यानेच मागाहून टाकली असेल. आईला काय, कोणी काही दाखवलं की ती मान हलवते.

तुझं पत्र फाडलं. तुकडे परत गोळा केले. भाताच्या शितांनी चिकटवले. परत वाचलं.

भिंतीवर मुठी मारल्या. चार जणांनी धरलं तेव्हा थांबलो. उजव्या हाताची दोन हाडं मोडलीत म्हणे, म्हणून हे डाव्या हाताने लिहितोय, अक्षर बघ कसं आलंय. दुखतं तेव्हा बरं वाटतं. मग परत दुखवतो. इथला कंपाउंडर ओरडतो.

चिठ्ठी त्याने टाकली नाही. मीच खिशात ठेवली. अंगणात येईपर्यंत आठवत होती, मग मी आठवू दिली नाही.

आणि एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. बाटल्या नुसत्या थंड नव्हत्या. आतलं घट्ट झालं होतं. मैना बाजूला बसून बघत होती, "दादा, कुल्फी झाली" म्हणून टाळ्या वाजवत होती. मी तळहातात चोळून चोळून पातळ केल्या. ऊब देत होतो त्यांना. असं वाटत होतं मी किती काळजी घेतोय.

त्या दिवशी मी कोणाला मारायला पाहिजे होतं, यामिनी?


ठाणे
२ जुलै २०२५

मनोज,

कोणालाच नाही. एवढं साधं उत्तर तुला कोणी आजवर दिलं नाही ह्याचं मला आश्चर्य वाटतं.

स्वतःला मारायचं असेल तर त्याला वेळ नाही. ऐक.

नवं इन्सुलिन सुरू झाल्यावर मैनाच्या पेशी जाग्या व्हायला लागल्या. मेअखेर शंभरातल्या एकोणचाळीस, जूनच्या मध्याला बावन्न, २३ जूनला सहासष्ट. सर्जन पहिल्यांदा हसले. म्हणाले, पाऊल राहील बहुतेक. मी संडासात जाऊन रडले.

मग गेल्या आठवड्यात तिने इंजेक्शन घ्यायचं बंद केलं.

आधी नुसती रडायची. आता चावते. एका सिस्टरच्या मनगटात तिचे दात रुतलेत. काल चौघींनी तिला गादीवर दाबून धरलं, एकीने गुडघे, एकीने खांदे, आणि ती गुरासारखी ओरडत होती. सुई आत वाकली. मी दारात उभी होते. चार दिवसांत तीन वेळा औषध हुकलं, साखर पावणेचारशेवर गेली, आणि आज सकाळच्या नमुन्यात शंभरातल्या अठ्ठेचाळीस. सर्जनांनी पुन्हा घोटा चाचपला. दोन आठवडे बघू म्हणाले.

मी तिच्याशेजारी बसले. "का गं?" विचारलं. ती म्हणाली, "दादानी सांगितलंय. पोलीस नेत होते तेव्हा. माझ्याशिवाय कोणाला सुई लावू देऊ नको, डॉक्टर लोकांनी तुझ्या पायात विष घातलंय. दादा येल तवा दादा देल." पहिले काही आठवडे ती तापात होती, म्हणून तिला कळलं नाही कोण टोचतंय. आता ती बरी होतेय आणि तिला तुझा शब्द आठवलाय.

काकूंनी सांगून पाहिलं, तुझ्या बाबांनी हात उगारून पाहिला. तिला खरं सांगावं का? सांगितलं तरी ती आमच्यावर विश्वास ठेवणार नाही. ज्याने सांगितलं त्यालाच ते परत घ्यावं लागेल.

हे पत्र उद्या काकू आणतील, परवा तुझी तारीख आहे. कुठे जायचं ते तू ठरव.

यामिनी


कारागृह
७ जुलै २०२५

यामिनी,

जामीन झाला नाही. सांगतो कसा.

व्हिडिओच्या पडद्यावरून कोर्टात हजर केलं. मोठ्या वकिलाने सुरू केलं, डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे चिमुरडीचा पाय, भावाच्या भावना अनावर. मी मधेच बोललो, "साहेब, डॉक्टरने काही केलं नाही. औषध मी गोठवलं होतं. चिठ्ठी मी खिशात ठेवली. त्यांचा हात मी मोडला, मुद्दाम." वकील हात हलवून गप्प बस म्हणत होता. जज म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय?" मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, बाहेर आल्यावर डॉक्टरांना धोका नाही ह्याची खात्री काय. सगळे माझ्याकडे बघत होते. मला खात्री नव्हती. डॉक्टरबद्दल नाही, माझ्याबद्दल. अजून कोणी मोठ्याने बोललं तरी माझी मूठ वळते, प्लास्टरमध्ये सुद्धा. मी म्हटलं, "नाही सांगू शकत." अर्ज फेटाळला.

प्रितमला निरोप दिलाय. त्या दवाखान्याकडे परत कोणी फिरकलं तर मी बाहेर येऊन आधी त्याला बघेन. धमकीच झाली, पण दुसरी भाषा त्याला कळत नाही. काचा त्याच्याकडून बसवून घ्यायला बाबांना सांगितलंय. डॉक्टरांना पत्र लिहायला बसलो, तीनदा. "तुमचा हात" ह्याच्यापुढे जात नाही.

तुला आता काही विचारत नाही. आधीच्या पत्रांत जे मागत होतो ते मागायचा मला अधिकार नाही, आणि मी पाडलेल्या त्या दातांवर तू कधीच खूश नव्हतीस हे मला आत्ता कळलं.

सोबत मैनाचं पत्र आहे. तू वाचून दाखव. आईला वाचता येत नाही, आणि बाबा मधल्या ओळी गाळतील. एकही ओळ गाळू नकोस. ती कान झाकेल, हात धर, पण वाच.

मनोज


मैने,

हे यामिनीताई वाचतेय. मधे रडू नको, आधी पुरं ऐक.

तुझ्या पायात डॉक्टरांनी विष घातलं असं मी सांगितलं होतं. ते खोटं आहे. तेव्हा मला ते खरं वाटत होतं, तरी खोटंच. तुझं औषध मी खराब केलं. लग्न उरकल्यावर बाटल्यांची कुल्फी झालेली दिसली ना, त्याने औषध मेलं. मी मेलेलं औषध तुला रोज दिलं आणि वर गोष्टी सांगितल्या. तुझी दोन बोटं माझ्यामुळे गेली. ज्या डॉक्टरांना मी मारलं ते म्हणाले होते, हिला आजच मोठ्या हॉस्पिटलात न्या. मी नेलं नाही.

म्हणून आता मी जे सांगतो ते माझ्याविरुद्ध ऐक. दादाने दिलेली सुई चांगली आणि बाकीच्यांची वाईट, असं नाही. ह्या वेळी उलटं झालं. सिस्टर देतील ती सुई घे. आईने दिली तर घे, तिचा हात थरथरतो, तिला शिव्या घाल, ओरड, पण पोट आत ओढू नको. सिस्टरला चावलीस ते मला समजलंय. मी पण अनेकांना चावलोय, त्याचं काय झालं ते तुला दिसतंय.

तुझ्या रक्तात छोट्या पेशी आहेत. जंतूंना गिळणाऱ्या. त्या लढायला तयार आहेत, त्यांना फक्त औषध पोचवायचंय. एवढंच काम, दिवसातून दोनदा. गोष्ट नसली तरी कर.

मी लवकर येणार नाही. किती दिवस ते मला माहीत नाही. आलो की तू माझ्याशी बोलायचं की नाही ते तूच ठरव. नाही बोललीस तर मी अंगणात उभा राहीन, आत येणार नाही.

हे मीच लिहिलंय की यामिनीताईने बनवलंय, असं तुला वाटेल. डाव्या हाताने लिहिलंय म्हणून अक्षर ओळखू येणार नाही. खाली सही बघ, ती प्लास्टरमधल्या उजव्या हाताने केलीय. तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची म्हणून मी करायचो ती नाही. माझी.

मनोज बाळाराम भोईर